गप्पीची पिल्ले वाचवायची कशी?

गप्पी मासोळी अंडी घालत नाही. थेट पोहणारी पिल्ले देते. गर्भकाळ साधारण 21 ते 30 दिवसांचा. एकदा नराशी संबंध आला की मादी शुक्राणू कित्येक महिने साठवून ठेवते. म्हणून नर नसलेल्या टाकीतही पिल्ले दिसू लागतात.

पिल्लांचा पहिला शत्रू त्यांची आईच. हलणारा इवला जीव तिला खाद्यच वाटतो. मादीचे पोट चौकोनी दिसू लागले आणि शेपटीकडचा गर्भडाग गडद झाला की टाकीत जावा मॉस किंवा हॉर्नवर्ट ही पाणवनस्पती दाट लावा. पिल्ले त्यात लपतात. वेगळी टाकी असेल, तर वीण होताच मादीला बाहेर काढा. फिल्टर स्पंजचाच हवा. जोराच्या फिल्टरमध्ये पिल्ले ओढली जातात. चुरलेले खाद्य किंवा आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातील इवल्या कोळंबीसारख्या जीवाची) ताजी पिल्ले दिवसातून तीन-चार वेळा, अगदी थोडी द्या.

सिडनीच्या पेंडल हिलमध्ये जुलैच्या थंडीत हीटर लागतोच. पाणी 24 ते 26 अंश ठेवा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवणारे औषध वापरा. महिन्याभरात पिल्लांतील नर-मादी वेगळे केले नाहीत, तर टाकी अपुरी पडते.

जास्तीचे मासे ओढ्यात मात्र सोडू नका. महाराष्ट्रात डास-नियंत्रणासाठी गप्पी सोडतात. पण ऑस्ट्रेलियात 1925 मध्ये त्याच कामासाठी आणलेला गप्पीचा भाऊबंद गॅम्बुसिया मासा आज स्थानिक मासे-बेडकांच्या मुळावर उठला आहे. जास्तीची पिल्ले दुसऱ्या हौशी पालकांना द्या.