यंत्राने वाचवलेला वेळ कुणाचा?

शिक्षणातील कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुतेकदा दोन भाकितांभोवती फिरते. एका भाकितानुसार लवकरच शिक्षकाची गरज उरणार नाही, तर दुसऱ्यानुसार मुलांची विचारशक्ती खुंटणार आहे. वर्गात रोज उभे राहणाऱ्या शिक्षकाला काय वाटते, हा प्रश्न मात्र दोन्ही बाजूंना फारसा पडत नाही. कर्नाटकातील सरकारी शाळांत गेल्या काही वर्षांत झालेला प्रयोग त्यामुळेच लक्ष देण्याजोगा आहे.

‘शिक्षा कोपायलट’ हे या प्रयोगाचे नाव. मायक्रोसॉफ्टची बेंगळूरुतील संशोधन संस्था आणि सरकारी शाळांसोबत काम करणारे ‘शिक्षणा फाउंडेशन’ यांनी 2023 मध्ये मोजक्या शिक्षकांना घेऊन तो सुरू केला. उपकरणाचे काम मर्यादित आहे. ते मुलांना शिकवत नाही. शिक्षकाला पाठटाचण तयार करून देते. आधी जाणकार मंडळी यंत्राच्या साहाय्याने कन्नड व इंग्रजीत पाठांचे आराखडे तयार करतात आणि मग शिक्षक आपल्या वर्गाच्या गरजेप्रमाणे त्यांत बदल करतात.

या उपकरणावरील एक विस्तृत अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 1,043 शिक्षक आणि आराखडे तयार करणारे 23 जाणकार सहभागी होते. अभ्यासकांत उपकरणाच्या निर्मात्या संस्थेशी संबंधित संशोधकही होते, हे ध्यानात ठेवून त्याचे निष्कर्ष वाचायला हवेत. तरीही ते जाहिरातीसारखे गुळगुळीत नाहीत. पाठाच्या तयारीचा वेळ घटला, मनावरचा ताण हलका झाला आणि कृतीवर आधारित अध्यापनाकडे कल वाढला, हे शिक्षकांनी सांगितले. पण या उपकरणाचा उपयोग शिकवण्यासाठी जसा झाला, तसाच प्रशासनाला हवी असलेली कागदपत्रे पूर्ण करण्यासाठीही झाला. शिवाय शिक्षकांची अपुरी संख्या आणि प्रशासकीय मागण्या यांमुळे अध्यापनातील व्यापक बदलाला मर्यादा पडल्या.

धोरणकर्त्यांनी थांबून विचार करावा, अशी ही बाब आहे. पाठटाचण हे मुळात शिक्षकाच्या विचाराचे साधन. उद्या काय शिकवायचे, मागे पडलेल्या मुलाला कसे सोबत घ्यायचे, कोणता प्रश्न आधी विचारायचा, याची ती जुळवाजुळव असते. आपल्या व्यवस्थेने त्याचे रूपांतर तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यापुढे ठेवण्याच्या वहीत केले. ही वही यंत्राने भरली आणि अधिकाऱ्याने पाहिल्याची सही केली, तर या व्यवहारात मुलाच्या वाट्याला काय आले? जो कागद यंत्राने लिहिला तरी वर्गात काही फरक पडत नाही, तो कागद मागायचाच कशाला, हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

मागण्या केवळ वह्यांपुरत्याही नाहीत. शिक्षणहक्क कायद्याच्या 27व्या कलमानुसार दशवार्षिक जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामांना जुंपता येत नाही. प्रत्यक्षात काय घडते? 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कर्नाटकच्या मागासवर्ग आयोगाने सामाजिक व शैक्षणिक सर्वेक्षण केले. ते घरोघरी जाऊन करण्याची जबाबदारी प्रामुख्याने शिक्षकांवर होती आणि काम वेळेत न आटोपल्याने दसऱ्याची सुटी 18 ऑक्टोबरपर्यंत वाढवावी लागली. या सर्वेक्षणाच्या गरजेविषयी मतभेद असू शकतात. पण बुडालेल्या अध्यापनाच्या दिवसांची भरपाई कोणतेही उपकरण करत नाही.

संख्याबळाचा प्रश्न याहून मूलभूत आहे. केंद्र सरकारच्या ‘यूडायस प्लस’ अहवालानुसार 2024-25 मध्ये देशातील एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी होत्या. त्यांपैकी आठ हजारांहून अधिक महाराष्ट्रात आणि सात हजारांहून अधिक कर्नाटकात होत्या. अशा शाळेतील शिक्षकाला एकाच वेळी अनेक इयत्ता सांभाळाव्या लागतात. उत्तम पाठटाचण हाती आले, तरी ते अमलात आणायला माणूस एकच. याच अहवालानुसार इंटरनेटची सोय 63.5 टक्के शाळांत होती. म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक शाळांत ती नव्हतीच.

भाषेचाही विचार व्हायला हवा. कर्नाटक सरकारच्या बेळगाव परिसरात मराठी माध्यमाच्याही शाळा आहेत. अभ्यासात समाविष्ट असलेले आराखडे मात्र कन्नड आणि इंग्रजीतले होते. मोठ्या भाषांसाठी आधी आणि उरलेल्यांसाठी सवडीने, हाच क्रम पुढे राहिला तर शाळाशाळांमधील दरी यंत्रामुळे रुंदावेल.

केंद्राने 2025-26 च्या अर्थसंकल्पात शिक्षणासाठीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता उत्कृष्टता केंद्राकरिता 500 कोटी रुपयांची घोषणा केली. तिसरीपासूनच या विषयाची ओळख करून देण्याचा शिक्षण मंत्रालयाचा मनोदयही जाहीर झाला आहे. हा उत्साह नाकारण्याचे कारण नाही. मात्र कर्नाटकाचाच एक जुना धडा येथे आठवावा. 1990 च्या दशकात म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यातील शिक्षकांनी ऋषी व्हॅलीचा प्रयोग पाहून बहुवर्ग अध्यापनाची ‘नली-कली’ पद्धत आकाराला आणली. पुढे ती राज्यभर गेली, पण तिची सुरुवात शिक्षकांच्या निरीक्षणातून आणि परिश्रमातून झाली होती. बदल वर्गातून वर येतो तेव्हा शिक्षक त्याला आपला मानतात. केवळ परिपत्रकातून आला की त्याचीही एक वही होते.

म्हणूनच या प्रयोगाचे यश किती मिनिटे वाचली, एवढ्यावर मोजणे अपुरे आहे. ती मिनिटे गेली कुठे, हे पाहायला हवे. मागे पडलेल्या मुलाजवळ बसण्यात ती गेली, तर यंत्र सत्कारणी लागले. आणखी एक तक्ता, आणखी एक ऑनलाइन माहिती, आणखी एक सर्वेक्षण यांत ती गेली, तर यंत्राने शिक्षकाचा नव्हे, प्रशासनाचा भार हलका केला, असे म्हणावे लागेल. वाचलेला वेळ शिक्षकाचाच राहील, आराखडा बदलण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार त्याच्याकडेच असेल आणि उपकरण मिळाले म्हणून एकही पद रिक्त ठेवले जाणार नाही, एवढी तीन आश्वासने राज्यांनी लेखी द्यावीत. त्यांसाठी कोणत्याही नव्या तंत्रज्ञानाची गरज नाही.