वसई किल्ल्यातली चर्च: भिंतींपलीकडची श्रद्धा

वसईचा किल्ला म्हटलं की १७३९ साली तो पोर्तुगीजांकडून जिंकणारे मराठा सेनापती चिमाजी अप्पा आठवतात. पण याच तटबंदीच्या आत पोर्तुगीज काळातली अनेक चर्च भग्नावस्थेत उभी आहेत, तीही जरूर बघा. ⛪

फ्रान्सिस्कन चर्चची जमीन आवर्जून पाहा. ठिकठिकाणी थडग्यांच्या फरश्या आहेत. कुणाचं कुलचिन्ह, कुणाचं कोरलेलं नाव, काही अक्षरं झिजून गेलेली. मोठ्या हुद्द्यांची माणसं, आणि आज आपण त्यांच्यावरून चालतो! राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घेताना ‘तू माती आहेस आणि मातीलाच मिळशील’ असं जे आम्ही ख्रिस्ती ऐकतो, ते इथे पायाखाली दिसतं.

याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया आधी व्यापारी होते, मग फ्रान्सिस्कन ब्रदर झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २५ सोबत्यांसह त्यांना क्रुसावर मारलं गेलं. १८६२ साली ते संत घोषित झाले. भारतात जन्मलेले ते पहिले संत.

१७३९ च्या विजयानंतर किल्ल्यातल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि देवळांना वाहिल्या. नाशिकची प्रसिद्ध नारोशंकराची घंटा त्यातलीच मानली जाते. ख्रिस्ती म्हणून मला याचा सल वाटत नाही. घंटेचं काम माणसाला देवाकडे बोलावणं, ते ती करतेच आहे.

इमारती कायम टिकत नाहीत; जेरुसलेमचं भव्य मंदिरही पडेल, हे येशूने आधीच सांगितलं होतं. वसईत छपरं गेली, पण किल्ल्याबाहेरच्या गावागावांत मराठीतून मिस्सा (चर्चमधली उपासना) चालूच आहे.

जाणार असाल तर वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला उतरा. पाणी सोबत ठेवा आणि थडग्यांवर बसून फोटो काढू नका. 🙏

#वसई_किल्ला #ख्रिस्ती_वारसा