निवेदकानं बोलायचं कुणाच्या भाषेत?

कथेचा शेवट या आठवड्यात घेऊ म्हणालो होतो, तो राहू द्या. परभणीकडच्या एका वाचकानं असा प्रश्न धाडलाय की तो बाजूला सारून पुढे जाववत नाही. कथेतले संवाद त्यांनी आपल्याकडच्या बोलीत लिहिलेत. मधलं निवेदनही बोलीत लिहावं, की प्रमाण मराठीत?

नेहमीचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे. अवतरणचिन्हांच्या आत बोली, बाहेर प्रमाणभाषा. मला हा तोडगा कधीच रुचला नाही. पात्रं चिखलात राबतायत आणि लेखक बूट घालून बांधावर उभा, अशी गत होते.

अर्थात हे अंतरच कथेला हवं असेल तर गोष्ट वेगळी. 'बनगरवाडी'त (१९५५) व्यंकटेश माडगूळकरांचा निवेदक म्हणजे धनगरांच्या वाडीवर शिकवायला आलेला तरुण मास्तर. त्याची भाषा शाळेची, वाडीची माणदेशी. तो परका आहे हे सांगायला वेगळं वाक्य खर्चावं लागत नाही. उलट आनंद यादवांचा 'गोतावळा' (१९७१) घ्या. तिथं गुराढोरांत रमलेला शेतगडी नारबा स्वतःच सांगतोय, आणि मळ्यात ट्रॅक्टर आला की त्याचं जगच विस्कटतं. हे त्यानं पुस्तकी मराठीत सांगितलं असतं तर दुसऱ्या पानावर कुणाचा विश्वास बसला नसता. भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका'तला (१९६५) पोक्याही तसाच, नाक्याच्या भाषेत नाका सांगणारा. त्या पुस्तकावर अश्लीलतेचं केवढं रण माजलं होतं! असो, तो वेगळा लेख होईल.

तेव्हा आधी ठरवा, सांगतंय कोण. गावातलाच कुणी 'मी' सांगत असेल तर प्रश्न मिटला. खरी गोम तृतीयपुरुषी कथेत आहे. तिथं एक मधली वाट निघते, पण नवे लेखक तिकडे फारसे फिरकत नाहीत. हे बघा:

म्हातारीने चुलीत फुंकर मारली, परंतु लाकडे ओली असल्याने ती पेटली नाहीत.

आता हे:

म्हातारीनं चुलीत फुंकर मारली. लाकडं मेली ओलीच. सुनेला कालच सांगितलं होतं, आत आणून ठेव म्हणून.

दुसऱ्यात बोलीचा खास असा शब्द नाही, अवतरणचिन्हही नाही. तरी 'मेली' म्हणणारी म्हातारीच. घरात सासू-सुनेचं कसं चाललंय तेही जाता जाता कळलं. व्याकरण लेखकाचं, कुरकुर तिची.

आणि संवादात बोली लिहायचीच तर परभणीची लिहा. 'व्हय जी', 'न्हाई जी' ही सिनेमातली बोली, ती टाळा. तुमच्याकडे 'काय करायलास?' म्हणतात, 'कामून?' म्हणतात, तसंच्या तसं कागदावर येऊ द्या. पुण्याच्या वाचकाला एखादा शब्द अडला तर अडू दे. कंसात अर्थ मात्र देऊ नका.

शेवटाचं प्रकरण पुढच्या आठवड्यात. मध्येच कुणी असलं पत्र धाडलं नाही तर.