एक दिवस पायवाटेचा

मैत्रिणींनो, आपण घराबाहेर पडतो ते कशासाठी? बाजार, बँक, मुलांची शाळा, नाहीतर कुणाचं लग्न, बारसं, हळदी-कुंकू. काही काम नसताना नुसतं डोंगरात चालायला जायचंय, हे सांगायला जीभच रेटत नाही. ‘तिथे काय आहे?’ हा पहिला प्रश्न आणि ‘मग स्वयंपाकाचं काय?’ हा दुसरा! आम्ही सहाजणींनी यावर तोडगा काढला. महिन्यातून एक दिवस, सकाळी लवकर निघायचं नि दिवेलागणीच्या आत घरी. मुक्कामच नाही, म्हणजे निम्मी कुरकुर आपोआप बंद.

छत्रपती संभाजीनगरला समुद्र नाही की घनदाट अरण्य नाही. पण काळ्या कातळाचे डोंगर, लेणी, दऱ्या आणि पावसाळ्यात ओसंडणारे धबधबे आहेत. प्रश्न असतो तो निवडीचा. आमचा नियम साधा आहे : गटात सर्वांत हळू चालणारीला विचारून ठिकाण ठरवायचं. आमच्यात साठीच्या एक वहिनी आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. त्यांना झेपेल ते सगळ्यांना झेपतं.

सुरुवात करायची ती शहरातल्याच लेण्यांपासून. बीबी-का-मकबऱ्याच्या मागे, विद्यापीठाच्या बाजूला डोंगरात ही बौद्ध लेणी आहेत. दोन गटांमध्ये साधारण एक किलोमीटरचं अंतर. जवळच गोगाबाबा टेकडी. दोन-तीन तासांत सगळं पायाखालून जातं. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराभोवती प्रवासातली आठ संकटं कोरली आहेत, ती जरूर बघा. आग, चोर, साप, हत्ती आणि चक्क बुडणारं जहाज! समुद्रापासून इतक्या लांबच्या डोंगरात जहाज कोरावंसं वाटलं, म्हणजे इथून केवढ्या लांबचे वाटसरू जात असतील. भीती तेव्हाही होती, तरी माणसं निघतच होती.

पाय थोडे सरावले की देवगिरी. शहरापासून पंधराएक किलोमीटरवर, वेरूळच्या रस्त्यावर. यादवांची ही राजधानी. इथे चढ खरा आहे, पण सोय अशी की कुठूनही मागे फिरता येतं. चांद मिनारापर्यंत सपाट चाल, पुढे पायऱ्या, मग अंधारी आणि वर बारादरी. अंधारीत वटवाघळं असतात, बॅटरी प्रत्येकीकडे हवी. उन्हं तापायच्या आत चढायचं. खाऊची पिशवी हातात धरू नका, माकडं सोडत नाहीत!

वेरूळला लेणी बघण्याबरोबर चालणंही भरपूर होतं. पावसाळ्यात एकोणतिसाव्या लेण्याजवळचा धबधबा बघण्यासारखा असतो. मात्र ओल्या कातळावर शेवाळ असतं, फोटोसाठी काठाशी जायचं नाही म्हणजे नाही. मंगळवारी लेणी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी, हे आधी ध्यानात ठेवा.

खरं जंगल बघायचं तर कन्नडजवळचं गौताळा. 1986 साली अभयारण्य झालेला हा साधारण 260 चौरस किलोमीटरचा भाग. साग, पळस, धावडा अशी पानगळीची झाडं. म्हणून श्रावण-भाद्रपदात इथे हिरवं स्वप्न आणि होळीनंतर नुसत्या काड्या. इथे बिबटे आहेत, अस्वलं आहेत. त्यामुळे वन खात्याच्या नाक्यावर नोंद करून, रस्ता माहीत असणाऱ्या माणसाबरोबरच जायचं आणि ऊन कलायच्या आत बाहेर. याच भागातल्या पितळखोऱ्याचा हिशोब उलटा आहे. आधी पायऱ्यांनी दरीत उतरायचं, लेणी बघायची आणि दमल्यावर चढायचं. दुखऱ्या गुडघ्यांना तर चढण्यापेक्षा उतरणं जास्त जड. म्हणून निम्मी ताकद परतीसाठी राखून ठेवायची.

आता एक विषय, जो सहसा कुणी बोलत नाही. सोय नसेल या धास्तीने आपण पाणीच पीत नाही. मग दुपारी डोकं दुखतं, चक्कर येते आणि दोष डोंगराला! त्यापेक्षा जिथे तिकीट खिडकी आहे अशी ठिकाणं आधी निवडा. जंगलात जाताना वाटेतल्या बसस्थानकावर थांबून घ्या. पाणी माणशी दोन लिटर तरी हवंच. पायात चप्पल नको, बूट हवेत. डब्यात दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्चाचं कारणही उरलेलं नाही. फक्त परतीची शेवटची गाडी किती वाजता, ते सकाळीच स्थानकावर विचारून ठेवायचं.

आमच्या वहिनींनी तीस वर्षं देवगिरी फक्त बसच्या खिडकीतून पाहिला होता, घृष्णेश्वराला जाताना. पहिल्या वेळी त्या अंधारीच्या तोंडाशी बसून राहिल्या. तिसऱ्या वेळी बारादरीत पोचल्या. वाऱ्यात पदर सावरत म्हणाल्या, “अगं, इथून आपलं घर दिसत नाही, किती बरं वाटतंय!” आम्ही सगळ्या हसलो. पण त्या हसल्या नाहीत. सून आली, नातवंडं झाली, तरी घर एक दिवसही त्यांच्या डोळ्यांसमोरून हललं नव्हतं. परतल्यावर घर होतं तिथेच होतं. भाजी जरा खारट झाली होती, एवढंच.

प्रत्येक गावाजवळ एखादी टेकडी, एखादा गड, नदीकाठचं देऊळ असतंच. लांबचं नाव शोधत बसू नका. एका मैत्रिणीला फोन करा, पंचांग न बघता तारीख ठरवा आणि घरी सांगा, ‘त्या दिवशी मी नाही.’ कारण विचारलं तर म्हणा, चालायला जातेय. तेवढं कारण पुरेसं आहे.