मितानिणीचा शब्द

छत्तीसगडात एक जुनी चाल आहे. दोघीजणी गंगाजल किंवा महाप्रसाद साक्षी ठेवून आजन्म सख्य जोडतात. मग जातपात आड येत नाही. अशा सखीला तेथे ‘मितानीन’ म्हणतात. १ नोव्हेंबर २००० रोजी हे राज्य जन्मास आले व रायपूर त्याची राजधानी झाली. दूरच्या पाड्यांवर आरोग्यसेवा पोचवावी कशी, या प्रश्नाचे उत्तर शोधताना २००२ साली सरकारने याच शब्दाचा आश्रय घेतला.

पाड्यातील लोकांनी आपल्यातीलच एक स्त्री निवडावयाची. तिला शिक्षण द्यावयाचे. मूल अतिसाराने गळून जाऊ लागले, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोटघोट पाजावे, हे तिला ठाऊक असते. मूल सुस्त पडले, पाणीही गिळेना, तर विलंब न करता दवाखाना गाठावा, हेही ती जाणते. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील ‘आशा’ सेविकेची कल्पना बऱ्याच अंशी या अनुभवातून आली.

परंतु श्रोतेहो, तिच्या शब्दावर विसंबून एखादी आई मूल कडेवर घेऊन कोसभर चालत जावी आणि दवाखान्याला कुलूप दिसावे, तर? केवळ एक खेप फुकट जात नाही. मितानिणीचा शब्द खाली पडतो. पुढच्या खेपेस ती आई बैगाकडे जाईल, आणि दोष तिचा नसेल. कार्यक्षमतेचा हिशेब आम्ही अधिकारी तक्त्यांत मांडतो. त्याची खरी पडताळणी त्या दाराशी होते.