कॉर्नवॉलच्या चर्चमधील आभारपत्र

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉल परगण्यातील अनेक ग्रामचर्चमध्ये भिंतीवर एक मोठा लाकडी फलक आढळतो. त्यावर रंगाने हाती रेखाटलेला मजकूर म्हणजे राजा पहिला चार्ल्स याने १० सप्टेंबर १६४३ रोजी सूडली येथील छावणीतून कॉर्नवॉलच्या रहिवाशांना धाडलेले पत्र होय.

राजा व पार्लमेंट यांच्यातील यादवीचे ते दुसरे वर्ष. राल्फ हॉप्टनच्या हाताखालील कॉर्निश पायदळाने मे महिन्यात स्ट्रॅटनची लढाई जिंकली. जुलैत लॅन्सडाउन येथे बेव्हिल ग्रेनव्हिल पडला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ब्रिस्टल घेताना पुष्कळ माणसे कामी आली. राजाला मात्र ग्लॉस्टरचा वेढा नुकताच उठवावा लागला होता. म्हणून पत्रात जमीन नाही, करमाफी नाही. आहे ती केवळ कृतज्ञता. आपण स्वतःच्या रक्षणासाठी वा तुमच्या साहाय्यासाठी फारसे काही करू शकत नव्हतो, अशा काळी तुम्ही निष्ठा राखलीत, हे राजा त्यात मान्य करतो. अखेरीस आज्ञा आहे : पत्र छापून प्रसिद्ध करावे, प्रत्येक चर्चमध्ये एक प्रत वाचावी आणि ती तेथे कायम जतन करावी.

मराठी सनदांच्या वाचकास ही आज्ञा उलट्या बाजूची वाटेल. आपल्याकडे पत्राची नक्कल दप्तरी ठेवून अस्सल पत्र भोगवटदारास परत देण्याची रीत होती, कारण हक्क त्या अस्सल कागदावर उभा असे. कॉर्नवॉलच्या पत्रात हक्कच नसल्याने अस्सल प्रतीचे महत्त्व उरत नाही. नक्कल हाच दस्तऐवज ठरतो. (फलकाफलकांवर शब्दांची वर्णरचना निराळी दिसते, ती यामुळेच कोणास खटकली नसावी.)

१६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला. पुढील अकरा वर्षे असा फलक मिरविणे सोयीचे नव्हते. पुष्कळ फलक १६६० च्या पुनःस्थापनेनंतरचे मानले जातात. तेव्हा ते १६४३ च्या घटनेपेक्षा, गावाने नंतर काय स्मरावयाचे ठरविले याचा अधिक विश्वसनीय पुरावा होत, असे मला वाटते.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. पत्र इंग्रजीत आहे. पण त्या काळी परगण्याच्या पश्चिम भागात कॉर्निश ही केल्टिक कुळातील भाषा अद्याप बोलली जात होती. तेथील काही श्रोत्यांनी राजाचे आभार परक्या भाषेतच ऐकले असणार.