प्लॅस्टिकचे शिल्प : मोल कशाचे?

शिल्प म्हटले की संगमरवर, काळा पाषाण किंवा पंचधातू आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. लखनौच्या निशातगंज बाजारात काय किंवा आपल्या गावच्या आठवडे बाजारात काय, सहज मिळणाऱ्या बादल्या, बाटल्या व खेळणी यांच्या प्लॅस्टिकमधूनही आज शिल्पे घडतात, हे मात्र चटकन पटत नाही. इतक्या स्वस्त वस्तूला कलेचे मोल येते तरी कोठून?

ब्रिटिश शिल्पकार टोनी क्रॅग यांनी १९८१ मध्ये टाकाऊ प्लॅस्टिकचे रंगीत तुकडे भिंतीवर मांडून ब्रिटनचा आडवा नकाशा व त्याकडे पाहणारी मानवाकृती साकारली. देश तेव्हा आर्थिक अडचणीत होता. त्याचे चित्र त्याच्याच टाकाऊ वस्तूंतून उमटले, यातच त्या कलाकृतीचा अर्थ आहे. संगमरवरात तो उतरला नसता.

आपल्याकडील उदाहरण मुंबईचे जितीश कल्लाट यांचे. त्यांच्या २००७ मधील ‘पब्लिक नोटिस २’ या कृतीत, दांडीयात्रेच्या पूर्वसंध्येला, ११ मार्च १९३० रोजी, गांधीजींनी केलेले भाषण हाडांच्या आकाराच्या ४,४७९ अक्षरांत मांडलेले आहे. ही ‘हाडे’ कृत्रिम राळेची, म्हणजेच रेझिनची आहेत. राळ साच्यात ओतता येते, वजनाला हलकी असते आणि हाडाचे रूप हुबेहूब घेते. अहिंसेचे शब्द जणू उत्खननात सापडलेले अवशेष वाटावेत, हे त्यामुळेच साधले.

या माध्यमाची एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. कचऱ्यातील प्लॅस्टिक दीर्घकाळ नष्ट होत नाही. शिल्पातील प्लॅस्टिक मात्र लवकर रूप गमावते. ऊन व हवेतील प्राणवायू यांमुळे त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात. ते पिवळे पडते, ठिसूळ होते. नौम गाबो यांची विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील काही प्लॅस्टिक शिल्पे अशीच वाकली, तडकली. म्हणून असे शिल्प घरी आणणाऱ्याने ते थेट उन्हापासून व उष्णतेपासून दूर ठेवावे आणि ते कोणत्या पदार्थाचे आहे, याची लेखी नोंद कलावंताकडून अवश्य घ्यावी. पुढे दुरुस्तीच्या वेळी ती मोलाची ठरते.

नोटेचे मूल्य तिच्या कागदात नसते, हे आपण बँकेचे ग्राहक नित्य अनुभवतो. शिल्पाचेही तसेच आहे. फरक इतकाच की, फाटलेली नोट बदलून मिळते. तडकलेल्या शिल्पाला ती सोय नाही.